घरगुती कारण

यादीत सदतीस उपकरणं होती. पस्तिसांपुढे हिरवी खूण, एकापुढे लाल, एकापुढे पिवळी. लाल म्हणजे तिचाच हरवलेला फोन. पिवळी कुणाची, ते तिनं अजून पाहिलं नव्हतं.

नियम तिनंच लावला होता. पासवर्ड बरोबर असो, फोनवर आलेला आकडा बरोबर असो. उपकरण मंजूर नसेल तर बाहेरून ऑफिसच्या सर्व्हरवर प्रवेश नाही. दीड महिना झाला, कुणाची तक्रार नव्हती.

दार ढकलून शीतकोठी सांभाळणारे काका आत आले. धापा टाकत ऑफिसच्या संगणकासमोर बसले, कोठीतल्या बियाण्यांचं तापमान पाहिलं, नोंद केली. उणे अठरा पूर्णांक दोन.

"रविवारीसुद्धा, काका? घरी कुणी घेत नाही का तुम्हाला?"

"घेतात की." काका हसले आणि उठलेसुद्धा.

तिनं पिवळ्या ओळीवर क्लिक केलं. काकांचा घरचा लॅपटॉप. विनंती एकेचाळीस दिवसांपूर्वीची. कारण: घरगुती.

"अहो थांबा, हे तुमचं राहूनच गेलंय. आठवण नाही का करून द्यायची?"

"दिली होती दोनदा. तुम्ही म्हणालात, बघते." काकांचा हात दाराच्या मुठीवर होता. "निघू का? आई एकटी आहे. बाहेर पडली की तिला परतीची वाट सापडत नाही. म्हणून बाहेरून कुलूप लावून येतो."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. आधी घरूनच तापमान बघायचो ना."

तिच्या डोक्यात गुणाकार आपोआप झाला. एकेचाळीस दिवस, दिवसाला दोन फेऱ्या. चोपन्न तास चाळीस मिनिटं. तिचे कान तापले.

"मग कारणात नीट लिहायचं ना, काका," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिलाच ऐकवेना.

"ती यादी सगळ्यांना दिसते, मॅडम." काकांनी मान खाली घातली. "आईला कोंडून येतो, हे कसं लिहू?"

दार लागलं. जिन्यावरून पावलं धावत उतरत गेली.

तिनं लॅपटॉपचा क्रमांक ताडून पाहिला आणि 'मंजूर' दाबलं. खाली नोंद आपोआप उमटली: पडताळणी व मंजुरीस लागलेला वेळ, नऊ सेकंद.