मुखेडचं फोल्डर

"एकही नाव न्हाई? नीट बघा की मॅडम," फोनवर कावेरीबाई म्हणाल्या. त्या मुखेडकडच्या एका दवाखान्यातल्या नर्स. "सहा महिन्यांचं लेकरू हाय. अजून मान धरंना. मोठ्या डॉक्टरनं थायरॉइड सांगितलं. रक्त तर आम्ही तिसऱ्याच दिवशी तुमच्याकडं धाडलं व्हतं."

सुकन्याने कॉम्प्युटरवर शोधायची कमांड पुन्हा चालवली. नांदेडच्या त्या लॅबमध्ये तिचं कामच ते होतं. नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थायरॉइड तपासणीचे आकडे तालुक्यांच्या फोल्डरमध्ये साठत. यादीतलं एकेक फोल्डर धुंडाळून कमांड वाढलेले आकडे बाहेर काढी. ज्यांचे आकडे वाढलेले, त्यांच्याच घरी फोन जाई. फोन आला नाही म्हणजे बाळ चांगलं, हे आता गावोगावच्या बायांनाही पाठ झालं होतं.

स्क्रीनवर पुन्हा तेच आलं. काही सापडलं नाही.

ही ओळ तिच्या फार ओळखीची होती. तिची तनुजा सात महिन्यांची. लई झोपायची. दूध पिता पिता मध्येच थांबायची. थायरॉइडचं बाळ सुस्त असतं, त्याची जीभ जाड होते, म्हणून सुकन्या रोज तिची जीभ बघायची, कानाशी टाळी वाजवून बघायची. सासूबाई हसायच्या. "लेकरू रडलं तरी तुला घोर, न्हाई रडलं तरी घोर. जास्त शिकलीस ना, म्हणून." बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली, त्या दिवशी खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता तिने स्वतःचं नाव शोधलं होतं. काही सापडलं नाही. नंतरही मनात पाल चुकचुकली की ती तेच करी. कमांड तेच सांगे, आणि तिचा तेवढा दिवस निघून जाई.

"रविकिरण, मुखेडचं फोल्डर उघड बरं."

शेजारच्या टेबलावरून रविकिरणने मान वर केली. "ते इथं कुठं हाय ताई? तुम्ही रजेवर गेलात त्याच आठवड्यात मी नव्या डिस्कवर टाकलं. इथली जागा भरली होती."

"आणि माझ्या यादीत?"

"तुमच्या यादीला मी कशाला हात लावू? फोल्डर नसतं तर बोंबलली असती की तुमची कमांड."

सुकन्याने यादीच्या मध्येच एक मनाचं गाव लिहिलं. कुठल्याच नकाशात नसलेलं. एंटर दाबलं. कमांड उमरीत गेली, बिलोलीत गेली, त्या नसलेल्या गावावरून मुकाट पुढे सरकली. शेवटी तीच ओळ. कुठे जाता आलं नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

आठ महिने मुखेडचं एकही नाव वर आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, बरं झालं, तेवढ्या आया तरी सुटल्या.

पहिल्या महिन्यात गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर बुद्धीची वाढ मागे राहते, ती भरून येईलच असं नाही. ही वाक्यं ती फोनवर दुसऱ्या बाळांच्या आयांना सांगायची. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे तिच्या लग्नातच ठरलेलं होतं. आणि तिचं माहेर मुखेड.

तिने यादीत नव्या डिस्कचा पत्ता लिहिला. बोट दोनदा चुकलं.

चार नावं आली. तीन दिवसांच्या बाळाला नाव नसतं, म्हणून तिथे आईचं नाव लिहितात. तिसरं नाव कावेरीबाईंनी सांगितलेलं होतं. दुसरं तिचं स्वतःचं.

कावेरीबाई अजून "हॅलो, हॅलो" करत होत्या. तिने फोन बंद केला आणि घरी लावला.

"आत्याबाई, तनु काय करून राहिली?"

"निजली हाय. तू उगं परेशान होऊ नको बाई," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "असलं गुणाचं लेकरू मी बघितलं न्हाई. सकाळपासून हूं का चूं न्हाई."