शेवटचा हुंकार

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रंभाजी काळा चष्मा लावून ओसरीवर पडून असत. दुपारी सून माधुरी त्यांना अरबस्तानातल्या जिनांची कादंबरी वाचून दाखवी. चष्म्याआड म्हातारा जागा की झोपलेला, कळणार कसं? म्हणून तिनं हुंकाराची अट घातली होती. कंटाळले की तुटक, जिन आला की लांबलचक. सगळे हुंकार तिला पाठ होते.

आज हुंकार थांबेचना.

"मामा, आज लई रंगलात की!"

"हुं."

बागेतून पिकल्या पेरूंचा वास येत होता. गोष्टीतला जिन म्हणत होता, "माझ्या शेवटच्या वाक्याला जो हुंकार देईल, तो माझा."

माधुरीनं हसत मान वर केली. मामांचं तोंड उघडं होतं. ते चक्क घोरत होते.

"हुं," तरीही आलं.

एकच वाक्य उरलं होतं. मामांनी झोपेत हुंकार दिला तर? तिनं पटकन पुस्तक मिटलं आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हा ओसरीच्या रिकाम्या कोपऱ्यातून कुणीतरी ते उरलेलं वाक्य वाचू लागलं. सावकाश, इतक्या गोड आवाजात, की ऐकता ऐकता माधुरीचे डोळे मिटले.

"हुं," ती म्हणाली.