क्वीनी वर येईपर्यंत

थर्झाबाईंनी फाटकापाशीच कुत्रीच्या गळ्यातली दोरी काढली आणि कोटाच्या खिशात कोंबली.

“असू द्या ना दोरी, आई,” वेस्ली म्हणाला.

“दोरीला बांधली की कुठलीही कुत्री शहाणीच दिसते. तूसुद्धा दिसशील.”

वेस्ली त्यांचा जावई. त्याच्या काखेत लाकडी पेटी होती आणि पेटीत क्वीनी, त्यांची फेरेट. पांढरी, लांबोडकी, मुंगसाची धाकटी जाऊ शोभावी अशी. ती बिळात शिरली की ससे घाबरून बाहेर पळायचे आणि बिळाच्या तोंडावरच्या जाळीत गुरफटायचे. कुठल्या बिळात ससा आहे हे वासावरून दाखवणं कुत्रीचं काम. आणि क्वीनीला दात न लावणं हे त्याहून मोठं काम.

ही कुत्री, डॉट, आठ महिन्यांची होती. नुसते पाय आणि फासळ्या. डार्लिंग्टन गावातल्या एका घराने तिला प्राण्यांच्या संस्थेत आणून सोडलं होतं, कारण तिने त्यांच्या मुलीचं गिनीपिग खाल्लं होतं.

“अख्खं,” वेस्लीने आठवण करून दिली.

“भूक लागली असेल. उकडलेली गाजरं घालायचे तिला तिथे.”

“आणि आज क्वीनीला धरलं तर?”

“तर दुपारी मीच तिला संस्थेत परत नेऊन सोडेन. क्वीनीसारखी दुसरी मला या जन्मात मिळायची नाही, ते तू सांगायला नको. पण डॉट तिला धरायची नाही. सहा आठवडे दोघींना एका बशीतून दूध पाजलंय मी. क्वीनीने दोनदा तिचं नाक फोडलं, दोन्ही वेळा मी जागची हलले नाही. चल. आणि वर गेल्यावर तोंड बंद.”

टेकडीच्या उतारावर, दगडी गडग्याच्या कडेने सशांची बिळं होती, आतून एकमेकांना जोडलेली. गवतावरचं हिम अजून वितळलं नव्हतं. दोघांनी न बोलता बारा जाळ्या लावल्या, खुंट्या टाचेने दाबून कडक मातीत बसवल्या. थर्झाबाईंनी क्वीनीला पेटीतून काढलं, एका जाळीची कड उचलून आत सोडलं. शेपूट दिसेनाशी झाली.

डॉट बिळाबिळाला नाक लावत फिरली. पाचव्यापाशी थांबली. एक पाय वर धरला, मान तिरकी केली, कान त्या अंधाराकडे लावले आणि तशीच राहिली, भिंतीत खिळा ठोकावा तशी. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. थर्झाबाईंनी हनुवटी वर केली.

“इथंय! आई, इथंय!” वेस्ली ओरडला.

जमिनीखाली धाड धाड आवाज झाला. ससा बाहेर यायला निघालेला, माणसाचा आवाज ऐकून मागे फिरला. मग एक बारीक किंकाळी ऐकू आली आणि सगळं शांत झालं.

थर्झाबाई वेस्लीच्या कानाशी आल्या.

“वा, जावईबापू. सशाला दारातून परत पाठवलात.”

आता वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. क्वीनीने आतच ससा मारला होता. ती पोटभर खाणार, त्याच्या उबेला जरा वेळ पडणार आणि मनात येईल तेव्हा वर येणार. सशाच्या रक्ताने माखून, सशाच्याच वासाची होऊन. दूध पाजताना ती फेरेटच्या वासाची होती. हे वेस्लीच्याही ध्यानात आलं. त्याने बाईंच्या खिशाकडे बोट दाखवलं. दोरी.

थर्झाबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

अर्धा तास गेला. वेस्ली एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. डॉट बिळापासून हलली नाही. तिच्या मांड्या थरथरत होत्या.

मग जाळीच्या मागे काहीतरी हललं. जाळीची भोकं सशाला बारीक, क्वीनीला मोठी. ती त्यातून सरपटत बाहेर आली, थेट डॉटच्या पुढच्या पायांमध्ये. तोंड लाल, मिशांना सशाची लव चिकटलेली. अंगाला वाफ सुटली होती.

डॉटचे ओठ मागे गेले. दात दिसले.

वेस्लीने ओरडायला तोंड उघडलं. थर्झाबाईंनी त्याचं मनगट असं पकडलं की आवाज आतच राहिला. या घटकेला कुणी ओरडलं की कुत्री त्याला हुकूमच समजते.

डॉट खाली वाकली. तिचं नाक क्वीनीच्या मानेवर आलं, तिथेच थांबलं. लाळेची तार क्वीनीच्या पाठीवर पडली. क्वीनीने वर बघितलं, मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि आपलं रक्ताळलेलं तोंड डॉटच्या जबड्याला या बाजूने, त्या बाजूने, टॉवेलला पुसावं तसं पुसून घेतलं.

डॉटने डोळे मिटून घेतले. दात झाकले गेले.

थर्झाबाई सावकाश चालत गेल्या. क्वीनीला उचलून त्यांनी कोटात छातीशी सरकवलं. वेस्ली मनगट चोळत मागून आला.

“आई, शाब्बास तरी म्हणा तिला!”

“कशाबद्दल?” थर्झाबाई म्हणाल्या. “तिने काही केलंच नाही.”

डॉट अजून तशीच उभी होती, एक पाय वर धरून. तिच्या नाकावर सशाची पांढरी लव चिकटली होती, वाऱ्याने हलत होती, आणि तिने ती अजून चाटली नव्हती.