विनाचौकशी

गोरे राज्यकर्ते देश सोडून जाऊन महिना झाला तरी टायपिस्ट बाईचा नवरा अजून तुरुंगातच होता. नव्या देशाची घटना लिहिणारे अध्यक्ष सहा वर्षं त्याच्याबरोबर एकाच कोठडीत होते. अजूनही ते खोलीत सहा पावलं चालायचे, वळायचे आणि मजकूर सांगायचे.

"सरकार कुणालाही विनाचौकशी अटकेत ठेवू शकेल."

तिची बोटं थांबली. "भाऊजी, हे तर गोऱ्यांचं कलम! याच्यापायीच तर तुम्ही दोघं आत गेलात."

"तेव्हा सरकार परक्याचं होतं, वहिनी. आता घरचंच आहे. करा टाइप."

तिने टाइप केलं. "मग ह्यांना कधी सोडताय?"



"कसा सोडू हो? तो म्हणतो, 'बाहेर आलो की या कलमाविरुद्धच बोलेन.'"