कडूबाची पेटी

धरण भरलं त्या वर्षी मलकापूरचे रंगराव हौस म्हणून बायकोला घेऊन नावेत बसले. अन्नपूर्णाबाईंनी रिवाजाप्रमाणे खण-नारळाची ओटी पाण्यात सोडली. ओटी तरंगत काठाकडे निघाली, आणि नावाडी कडूबा वल्हं थांबवून ती कुठं लागते ते बघत राहिला. रंगरावांना हे खटकलं.

नाव मध्यावर आल्यावर त्यांनी कडूबाच्या हत्यारांची पेटी उघडली. हातोडी, पटाशी, डांबराचा डबा, आणि खाली हळदीकुंकवाचे डाग पडलेले खणच खण.

"गंगामायच्या ओटीचे खण चोरून राह्यला काय बे? बायकोले नेतं का बाजारात इकतं?"

तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी दचकून पाय वर घेतले. तळाच्या फळीतून पाणी आत येत होतं.

कडूबानं पेटीतला एक खण फाडला, डांबरात बुडवला आणि पटाशीनं फटीत ठोकून बसवला. पाणी थांबलं. मग त्यानं पेटीचं झाकण लावलं आणि वल्हं हातात घेतलं.

 

"चोरत नाही, मालक. माय सोताच नावेत मागायले आली का, तिचं तिले देऊन टाकतो."