दारातला उजेड

“उचला ही,” पद्मजाताई म्हणाल्या आणि पांढरी साडी त्यांनी गादीवर परत टाकली.

सेल्समन निमूटपणे घडी घालू लागला. शेजारी बसलेल्या राधाच्या डोक्यात तिडीक गेली.

हिंदमाताच्या त्या दुकानात दोन्ही घरं लग्नाचा बस्ता बांधायला आली होती. राधाची नम्रता आणि पद्मजाताईंचा शंतनु. हे डिलाईल रोडचे, ते दादरचे. ह्यांच्या घरी बुद्धमूर्ती, त्यांच्या घरी देव्हारा. लग्न बौद्ध पद्धतीने लावायचं, एवढं मुलांनी दोन्हीकडून कबूल करून घेतलं होतं. साडीच्या रंगाचा विषय मात्र कुणी काढलाच नव्हता. आणि बौद्ध लग्नात नवरी पांढरी नेसते. राधाचंही चाळीच्या पटांगणात तसंच झालं होतं. तो फोटो बघत नम्रता मोठी झाली. तिला शालू नको होता, पैठणी नको होती. आईसारखी पांढरी हवी होती, बस.

“आई, तिथे गरम होऊ नकोस हां,” टॅक्सीत नम्रताने बजावलं होतं. “त्यांना नाहीच आवडलं तर नंतर बघू.”

“मी कशाला काय बोलतेय?” राधा म्हणाली आणि वाटभर मनातल्या मनात भांडण पाठ करत बसली.

कारण पद्मजाताईंना तिने केव्हाच ओळखलं होतं. एका कपावरून. त्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा राधाने आलं-वेलची घालून चहा केला, ठेवणीतले कप काढले. बाई गोड बोलल्या, हसल्या, नम्रताच्या पाठीवरून हात फिरवला. पण चहा अर्धा प्यायल्या आणि अर्धा तसाच ठेवून गेल्या. आपल्या घरातला असा उरलेला कप काय सांगतो, हे राधाला कुणी समजावायला नको होतं. तिच्या आईने, आजीने असले कप आयुष्यभर विसळले होते. कप धुताना तिला रडू आलं होतं. नम्रताला ती काही बोलली नाही.

आज दुकानात टेकल्या टेकल्या तिने मुद्दाम मोठ्याने सांगितलं होतं, “नवरीसाठी पांढऱ्यातल्या दाखवा.” सेल्समनने ढीग ओतला. पद्मजाताईंनी त्यातली एक ओढली, तडक दाराशी नेली, उन्हात पदर उलटापालटा केला, तोंड वाकडं केलं आणि परत आल्या. उचला ही. मग दुसरी. उचला. मग तिसरी. दाराशी स्टुलावर त्यांचे यजमान गंगाधरराव बसले होते. त्यांना दर वेळी विचारणं चालू होतं.

“मला सगळ्या सारख्याच दिसतात,” ते दर वेळी सांगत होते.

बरं, जरीच्या साड्यांना बाई हातही लावत नव्हत्या. बारीक काठाच्या साध्या तेवढ्या उचलत होत्या. म्हणजे पांढरी तर नकोच, आणि घ्यावीच लागली तर स्वस्तातली. वा गं बाई, राधा मनात म्हणाली. दुकानाचा चहा आला. गंगाधररावांनी नको म्हटलं. पद्मजाताईंनी अर्धा घेतला आणि ग्लास बाजूला सरकवला. दुकानातला सुद्धा चालत नाही, राधाने हेही मनात टिपून ठेवलं.

पुढची साडी घेऊन त्या पुन्हा दाराशी गेल्या, पुन्हा तसंच तोंड करून आल्या, आणि राधाचा बांध फुटला.

“पद्मजाताई, एकदाच सांगते. आमच्यात नवरी पांढरीच नेसते. माझी पोरगी पांढरीच नेसणार. तुम्हाला आवडो की न आवडो.”

सेल्समनचा हात घडीवरच थांबला. नम्रताने डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, तिला वाटलं.

पद्मजाताई साडी हातात धरून बघतच राहिल्या. “अहो, नेसणारच ना ती. तिची तुम्ही दोघी बघताय, म्हणून तर मी जरीच्या साड्यांत लुडबुड केली नाही. मी माझी शोधतेय.”

“तुमची?”

“शंतनु म्हणाला, तुमच्याकडे लग्नाला सगळेच पांढऱ्यात असतात. इथे आत दिव्याखाली सगळ्या पांढऱ्या दिसतात हो, दारात नेलं की क्रीम निघतात. तुम्ही सगळे शुभ्र आणि नवऱ्यामुलाची आई तेवढी पिवळट. बरं दिसेल का ते?”

टॅक्सीत पाठ केलेलं भांडण कुठच्या कुठे पळालं. तेवढ्यात गंगाधरराव उठून आले आणि गादीवरचा तो अर्धा ग्लास त्यांनी सहज तोंडाला लावला.

“आमचा दोघांत एकच असतो,” राधा बघतेय म्हणून ते म्हणाले. “डॉक्टरने मला अर्ध्यावर आणलंय. तुमच्याकडे मी नव्हतो, तरी हिने सवयीने अर्धा ठेवला. घरी येऊन हळहळत होती, एवढा वेलचीचा चहा वाया गेला म्हणून.”

राधाला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग ते आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. का ते नम्रतालाही कळेना, पण आई हसतेय म्हटल्यावर तीही हसायला लागली. किती तरी दिवसांनी राधाला मोकळं मोकळं वाटत होतं.

तिने ढिगात हात घातला, एक बारीक काठाची साडी ओढली आणि पद्मजाताईंना हाताला धरून दाराशी नेलं. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. राधाने पदर उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला, तोंड वाकडं केलं आणि आत बघून सेल्समनला हाक मारली.

“उचला ही. आमच्या विहीणबाईंना क्रीम चालत नाही.”