रांगेचा मुकादम

"रांग मोडायची नाही!" मुकादम कडाडला. तो खरा मुकादम नव्हे, साधा रिक्षावाला. पण गॅसपंपाच्या रांगेत त्याचा शब्द चालायचा, म्हणून पडलेलं नाव.

समोर एक अनोळखी रिक्षावाला हात जोडून उभा होता. "माझ्या रिक्षात पेशंट आहे हो, मागे. बाईंना श्वास घेता येईना, आणि माझा गॅस संपलाय. तेवढं पुढे सोडा."

गेल्याच आठवड्यात एकानं धडधाकट मामाला चादरीत गुंडाळून आणलं होतं. टाकी भरल्यावर मामा टुणकन उठून बसला होता.

"आज मामी का?" मुकादम म्हणाला. रांग खो खो हसली.

"एकदा येऊन बघा तरी."

"बघायला येऊ आणि माझा नंबर घालवू? सकाळपासून उभा आहे मी."

माणूस मान खाली घालून परत गेला. मुकादमाला जराशी चुटपुट लागली. पण सगळ्या शहरात पंप एक, रिक्षा ढीगभर, आणि दुपारी गॅसचा दाब पडला की दिवस फुकट. एकाला सोडलं तर उद्या सगळेच पेशंट घेऊन येतील.

गॅसच्या रांगेत उभं राहायची त्याला तरी कुठे हौस होती? पूर्वी रिक्षाचा धूर त्याच्या कपड्यांतून घरात यायचा आणि दमेकरी बायकोला धाप लागायची. डॉक्टर बोलले, तसं नाक्यावर सगळ्यांत आधी यानंच गॅसचं किट बसवून घेतलं. मित्र बायकोचा बैल म्हणून चिडवायचे. चिडवेनात का! तिला रात्रीची झोप लागू लागली, त्याला आणखी काही नको होतं.

अखेर नंबर आला. कितीतरी दिवसांनी टाकी पूर्ण भरली. तो गुणगुणत फाटकाबाहेर पडला. पंपावर फोन बंद ठेवायचा नियम; मुकादम नियमाचा पक्का, रांगेत शिरतानाच बंद करायचा. आता चालू केला, तोच वाजला. मुलगी होती.

"बाबा, किती फोन केले! आईची धाप थांबेचना. दवाखान्यात निघालो, तर वाटेत रिक्षाचा गॅस संपत आला. आम्ही पंपाच्या रांगेतच आहोत, अगदी शेवटी. रिक्षावाले काका विनवून आले, पण पुढचा एक जण ऐकेचना."

मुकादमानं तिथल्या तिथे रिक्षा वळवली. "आलो! माझी टाकी भरलीय, आत्ता आलो!"

"या," ती म्हणाली. "पण आता घाई करू नका, बाबा."